‘पारंपरिक’ हे कुणाचं नाव?

(रेडिओवर दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

रेडिओवर गाणं लागण्याआधी निवेदक तीन नावं सांगतो. गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमक्यांचे. आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांचे कान या तीन नावांवर तयार झाले. शब्द कुणाचे आणि चाल कुणाची, हा फरक शाळेत न गेलेल्या माणसालाही रेडिओनं शिकवला. पण लोकगीत लागलं की पहिल्या दोन नावांच्या जागी एकच शब्द यायचा: पारंपरिक. आमच्या गावातले एक जुने रसिक गमतीनं म्हणायचे, “हे पारंपरिकबुवा कोण आहेत, एकदा भेटायला पाहिजे. गदिमांपेक्षा जास्त गाणी यांच्या नावावर आहेत!”

आज या पारंपरिकबुवांचीच थोडी चौकशी करायची आहे. त्यासाठी आपण आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर फिरू आणि वाटेत थोडं फ्रान्सलाही जाऊन येऊ.

आमचा किनारा म्हणजे रेवस-मांडव्यापासून खाली थळ, अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई, मुरूड, दिघी, श्रीवर्धन करत हरिहरेश्वरापर्यंत. या पट्ट्यात लग्न कुणाचंही असो, आगऱ्याचं, कोळ्याचं, माळ्याचं, आमच्या कोकणी मुसलमानांचं, एकदा तरी ‘मी डोलकर’ वाजतंच. वऱ्हाड पेंगुळलेलं असलं तर उठून बसतं. म्हातारी माणसं बसल्या जागी खांदे हलवायला लागतात. नव्या पोरांना विचारा, हे गाणं कुणाचं? उत्तर येतं, “आमचं जुनं कोळीगीत आहे, पारंपरिक.”

खरं म्हणजे ते पारंपरिक नाही. शब्द शान्ता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं, आणि गायलंय हेमंतकुमार आणि लता मंगेशकर यांनी. ‘वादलवारं सुटलं गो’ आणि ‘माझ्या सारंगा’ ही गाणीही याच कवयित्रीची आणि याच संगीतकाराची. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीची ही ध्वनिमुद्रणं. आता या चौघांचं गावठाण पाहा. शान्ताबाई १९२२ साली इंदापूरला जन्मल्या, म्हणजे घाटावरच्या. हेमंतकुमार बंगाली. मंगेशकर घराण्याचं मूळ गोव्यातल्या मंगेशीचं. वेसाव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या एकाही कोळीवाड्यात यांच्यापैकी कुणाचं घर नाही. तरीही गाणं इतकं अस्सल उतरलं की कोळीवाड्यानं ते आपल्या देव्हाऱ्यात नेऊन बसवलं.

हे कसं झालं? एक तर बोली. आमच्याकडे ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘ण’चा ‘न’ होतो. वादळ म्हणजे वादल, पाणी म्हणजे पानी. शान्ताबाईंनी ही बोली कानांनी टिपली आणि तिची टिंगल न करता लिहिली. दुसरं म्हणजे शब्दांची जाण. ‘डोलकर’ हा शब्द ऐकून शहरातल्या माणसाला डोलणारा, झुलणारा माणूस दिसतो. पण ‘डोल’ हे जाळ्याचं नाव आहे. लांबलचक पिशवीसारखं जाळं, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळतं. ते भरती-ओहोटीच्या ओढीसमोर पक्कं रोवून ठेवायचं. पाण्याची ओढ बोंबील, जवळा, कोळंबी आत आणून घालते. हे जाळं चालवतो तो डोलकर. हा धंद्याचा शब्द आहे, आणि गाण्यात त्याला डोलण्याचा अर्थही आपसूक येऊन चिकटला. तिसरी गोष्ट ठेक्याची. सहा मात्रांचा तो हेलकावा वल्ह्याच्या हाताला ओळखीचा असतो. त्याच्यावर स्टुडिओतली वाद्यं चढली, बंगाली गळा चढला, तरी खालची होडी तीच राहिली.

म्हणजे गंमत अशी की ज्या गाण्याला चार-चार नावं आहेत, ते लोकांनी बिननावाचं करून टाकलं. कवीला याहून मोठा मान कोणता? मी स्वतः कविता लिहितो. माझी एखादी ओळ माझं नाव विसरून कुणाच्या तोंडी बसली तर मी मिठाई वाटेन. पण हा मान शान्ताबाईंना परवडतो, कारण त्यांचं नाव रेकॉर्डवर छापलेलं आहे, पुस्तकात आहे, रेडिओच्या नोंदवहीत आहे. लोक विसरले तरी कागद विसरत नाही. ज्यांचं नाव कागदावर कधी आलंच नाही त्यांचं काय, हा आजचा खरा प्रश्न.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. जुनं गाणं आणि नवी वाद्यं एकत्र आली की काही मंडळी नाक मुरडतात. म्हणतात, शुद्ध लोकसंगीत बिघडलं. आमच्या किनाऱ्याला हा आक्षेप लागू पडत नाही, कारण हा किनारा शुद्ध कधी नव्हताच. इ.स. ९१५-१६च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी आमच्या चौलला येऊन गेला. चौलला तो ‘सैमूर’ म्हणतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथंच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान तिथं राहतात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. १४६९ साली अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी याच चौलला उतरला. पुढे पोर्तुगीज आले. ते १७४० साली चौल-रेवदंड्यातून गेले, पण खाडीपलीकडच्या कोर्लईत त्यांची भाषा राहिली. तिथले ख्रिस्ती शेतकरी आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. अलिबाग-नवगावच्या बेने इस्राएल मंडळींनी एकोणिसाव्या शतकात आपल्या धर्मग्रंथांतल्या कथा मराठी कीर्तनात बसवल्या. मूसा आणि अब्राहामाची आख्यानं, आणि थाट आपल्या हरदासी कीर्तनाचा! असा हा किनारा. इथं जे गलबत लागलं त्यातून मीठ, खजूर आणि घोडे उतरले, तसे सूरही उतरले.

त्यातलं सगळ्यात गमतीचं उदाहरण म्हणजे आपला बेंजो. हळदीच्या रात्री, गणपतीच्या मिरवणुकीत, नारळी पौर्णिमेला बेंजो पार्टी नसेल तर आमच्याकडे कार्यक्रम झाला असं कुणी मानत नाही. आडव्या पेटीवर तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातानं पट्टीनं तार छेडायची. लोकांना वाटतं हे वाद्य इथलंच. पण त्याचा जन्म जपानमधला. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या कारागिरानं ते बनवलं. त्याच वर्षी जपानात तैशो सम्राटाची कारकीर्द सुरू झाली, म्हणून त्याचं नाव ‘तैशोगोतो’. बटणांची कल्पना टाइपरायटरवरूनच घेतलेली. पुढे ते हिंदुस्थानात आलं आणि ‘बुलबुल तरंग’ झालं. मकरानच्या बलुची किनाऱ्यावर ते ‘बेंजू’ म्हणून रुळलं, आणि आपल्याकडे ‘बेंजो’. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं नावापुरतंच नातं. आमच्या पोरांनी त्याला पिकअप बसवला, वायर जोडली, कर्ण्यातून काढलं. ढोलकी, ताशा आणि पुढे कीबोर्ड-ऑक्टोपॅड यांच्या गदारोळात तो वरचढ राहू लागला. टाइपरायटर पाहून जपान्यानं काढलेलं वाद्य, विजेच्या ताकदीवर, आगऱ्याच्या मांडवात कोळ्याची चाल वाजवतं. याला बिघडलेलं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मला तरी हा किनाऱ्याचा जुनाच स्वभाव दिसतो.

बदल झाला तो दुसरीकडे, आणि त्याचा आवाज झाला नाही. वल्ह्याची गाणी ही कामाची गाणी होती. आठ-दहा हात एका वेळी पाण्यात पडायला हवेत, म्हणून गाणं. जाळं ओढताना सगळ्यांचा जोर एका क्षणी लागायला हवा, म्हणून गाणं. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मचव्यांवर यंत्रं बसू लागली. नाखवा आणि खलाशांचे हात मोकळे झाले, छातीवरचा ताण कमी झाला, हे चांगलंच झालं. पण गाण्याची नोकरी गेली. यंत्राच्या फटफटीत गाणं ऐकूही येत नाही. मग समुद्रावरचं गाणं जमिनीवर आलं आणि फक्त करमणुकीचं झालं.

रेकॉर्डनंही असंच काम केलं. जुन्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. रात्रभर चालणारं गाणं तीन मिनिटांत बसवायचं म्हणजे मासा डब्यात बसवण्यासारखं. डोकं आणि शेपूट कापायचं. मांडवात नवरी कोण, तिचा मामा कोण, कोण रुसलंय, कोण उशिरा आलंय, यावर जागच्या जागी रचलेल्या ओळी पहिल्यांदा कापल्या गेल्या. ज्या ओळी कुठल्याही लग्नात चालतील तेवढ्या उरल्या. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली तेव्हा जागा वाढली. नव्वदच्या दशकात ‘वेसावकर आणि मंडळी’च्या ‘वेसावची पारू’नं तर घराघरात धुमाकूळ घातला. तिथं निदान कोळीवाड्यातल्याच माणसांचा आवाज होता आणि कव्हरवर त्यांच्या गावाचं नाव होतं. ही मोठी गोष्ट होती.

रेकॉर्डवरून आठवलं. आपल्या देशातली पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं १९०२ साली कोलकत्यात झाली. त्यातल्या एक गायिका होत्या गौहर जान. गाणं संपताच त्या इंग्रजीत मोठ्यानं स्वतःचं नाव सांगत. मूळ तबकडी जर्मनीत हानोव्हरला जायची, तिथल्या कारागिरांना लेबलावर कोणतं नाव छापायचं ते कळावं म्हणून ही युक्ती. आज त्या रेकॉर्डी ऐकताना खरखरीतून ते नाव येतं तेव्हा अंगावर काटा येतो. बाईनं सांगितलं म्हणून ते राहिलं.

आता फ्रान्स. आमच्या किनाऱ्यावरच्या अनेक मुसलमान घरांतला एखादा तरी पुरुष बोटीवर असतोच. आमचे एक चुलते होते. ऐंशीच्या दशकात ते ब्रेस्ट बंदरातून एक कॅसेट घेऊन आले. मालिकोर्न नावाच्या मंडळींची ‘आल्मनाक’. आल्मनाक म्हणजे पंचांग. १९७६ सालची ही रेकॉर्ड, वर्षाच्या बारा महिन्यांवर बेतलेली. गाणी खेड्यापाड्यांतली, शतकं जुनी. त्यांना इलेक्ट्रिक गिटारची साथ. या मंडळींचे म्होरके गाब्रिएल याकूब. हे आडनाव वाचून घरात सगळ्यांचे कान टवकारले. आमच्यात याकूब, बेने इस्राएलांत याकोब, हे नाव आमच्या किनाऱ्याला परकं नाही. याकूब यांचं २०२५च्या जानेवारीत निधन झालं.

त्या गाण्यांचा एक शब्द कळत नव्हता. पण त्यात एक वाद्य होतं, ते ऐकून आमच्या गल्लीतला बेंजोवाला म्हणाला, “हा तर आपलाच भाऊ.” त्याचं म्हणणं अगदी बरोबर. त्या वाद्याला तिकडे ‘व्हिएल’ म्हणतात. एका हातानं दांडा फिरवला की आतलं चाक तारांवर घासतं, आणि दुसऱ्या हाताच्या पट्ट्या तारेवर दाबल्या जातात. बाकीच्या तारा आपल्या तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून राहतात. मध्ययुगातलं हे वाद्य भिकारी आणि आंधळ्या गवयांच्या हातात जाऊन पडलं होतं. मालिकोर्ननं त्याला इलेक्ट्रिक गिटारच्या शेजारी मानानं बसवलं.

याकूब यांच्या आधी हा रस्ता केला तो आलां स्तिव्हेल यांनी. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. मच्छीमारांचा, खलाशांचा, आपल्या कोकणासारखाच. त्यांची ब्रेटन भाषा वेगळी. शाळेत ती बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा व्हायची. तिथलं जुनं हार्प वाद्य नामशेष झालं होतं. स्तिव्हेल यांच्या वडिलांनी १९५३ साली ते पुन्हा बनवलं आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती दिलं. २८ फेब्रुवारी १९७२ रोजी पॅरिसच्या ओलिंपिया सभागृहात स्तिव्हेल यांनी हार्प, बॅगपाइप, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम एकत्र आणून ब्रेटन गाणी गायली. याकूबही त्या रात्री मंचावर होते. रेडिओनं तो कार्यक्रम थेट ऐकवला. तीन तरुण खलाशांचं एक जुनं गाणं त्यानंतर सगळ्या फ्रान्सच्या तोंडी झालं. ज्या भाषेची लाज वाटायला शिकवलं होतं, ती भाषा पॅरिसनं टाळ्या वाजवून ऐकली. नव्या वाद्यांनी जुनं गाणं मारलं नाही, त्याला श्रोते मिळवून दिले.

पण मित्रहो, तिथल्या रेकॉर्डींवरही अशा गाण्यांपुढे आपलाच शब्द असतो. ‘पारंपरिक’, आणि पुढे संगीत-संयोजकांचं नाव. पारंपरिकबुवा तिथंही आहेत!

फरक असा की ब्रिटनीत या बुवांची चौकशी फार आधी सुरू झाली. १८३९ साली ला व्हिलमार्के नावाच्या सरदार घराण्यातल्या तरुणानं ब्रेटन लोकगीतांचा ‘बार्झाझ ब्रेझ’ हा संग्रह छापला. युरोपभर नाव झालं. पण गाणी कुणाकडून ऐकली हे त्यानं नीट सांगितलं नव्हतं. ल्युझेल नावाचा दुसरा संग्राहक उठला आणि म्हणाला, ही गाणी लोकांची नाहीत, यानंच रचली आहेत. भांडण इतकं चिघळलं की ला व्हिलमार्केची अब्रू गेली. १९६४ साली दोनात्यें लोराँ या अभ्यासकाला घराण्याच्या संग्रहात त्याच्या जुन्या वह्या सापडल्या. त्यानं गाणी सजवली होती, फेरफार केले होते, पण खेड्यांत हिंडून लोकांच्या तोंडून ती खरोखर गोळा केली होती. नावं सांगितली नाहीत, एवढ्यासाठी माणूस जवळपास शंभर वर्षं खोटा ठरला.

ल्युझेलनं मात्र नावं लिहिली. त्यात एक नाव आहे मारखारीत फुलुप. १८३७ साली जन्मलेली, गरीब, एका हातानं अधू, निरक्षर. लोकांच्या वतीनं नवस फेडायला पायी यात्रा करायची आणि त्यावर पोट भरायची. तिला अडीचशेहून अधिक गाणी पाठ होती. १९०० साली मेणाच्या नळकांड्यावर तिचा आवाजही नोंदवला गेला. १९०९ साली ती गेली. आज तिच्या गावी तिची आठवण जपली जाते, अभ्यासक तिच्यावर लिहितात. ब्रिटनीत पारंपरिकबुवांचा पत्ता लागला तेव्हा त्या बुवा नव्हत्याच, बाई होत्या.

आपल्याकडेही बहुतेक बाईच आहेत. आगरी लग्न पाहिलं आहे ना? त्यात धवलारीण असते. हळद, मांडव, तेल, प्रत्येक विधीचा धवला वेगळा. कोणत्या विधीला काय गायचं, कोणत्या देवाला आधी बोलवायचं, हे सगळं तिला पाठ. तिच्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. ती एका अर्थी पुरोहितच, पण पोथी तिच्या डोक्यात. बीएला मराठी घेतलं होतं तेव्हा मी महदंबेचे ‘धवळे’ वाचले. तेराव्या शतकात, विदर्भातल्या ऋद्धिपूरला, महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्यासाठी रचलेले. रुक्मिणीच्या लग्नाची गाणी. तेव्हा मनात आलं, हा शब्द तर आमच्याकडच्या मांडवातला! महदंबेला आपण मराठीची आद्य कवयित्री म्हणतो, कारण महानुभावांनी तिचं नाव आणि तिचे शब्द लिहून ठेवले. तोच गानप्रकार सातशे वर्षांनंतरही गाणाऱ्या आमच्या धवलारणीला आपण कवयित्री म्हणत नाही. तिचं नाव लग्नपत्रिकेवरही नसतं. पत्रिकेवर बेंजो पार्टीचं नाव मात्र असतं.

आमच्या कोकणी मुसलमानांतही वेगळं नाही. मेहंदीच्या रात्री बायका कोकणीत गायच्या. मोहल्ल्यात एक वयस्कर बाई होती, तिच्याशिवाय मेहंदी व्हायची नाही. सगळे तिला मेहंदीवाली खाला म्हणत. शब्द जुने, पण प्रत्येक घरात थोडे फिरवून घ्यायची. नवरीचा बाप दुबईला असेल तर विमान आणायची, बोटीवर असेल तर बोट. गावात टेपरेकॉर्डर येण्याआधीच ती गेली. तिचं स्वतःचं नाव काय, हे आज तिच्या आळीतही कुणाला सांगता येत नाही. ती कुणाची तरी आई होती, कुणाची तरी खाला.

कायदाही या बायांच्या फारसा कामाचा नाही. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७चा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याचा हक्क राहतो. पण त्यासाठी लेखक कोण, हे ठाऊक हवं. लोकगीताला असा लेखक नसतो, म्हणून ते सगळ्यांचं. त्यावर जो नवं संगीत चढवतो त्याच्या कामाला मात्र हक्क मिळतो. १९९४च्या दुरुस्तीनं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही आपल्या सादरीकरणावर हक्क दिला. म्हणजे धवलारणीनं गायलेलं कुणी मुद्रित केलं तर तिलाही काही म्हणता येईल. पण ती कोण आणि कुठली, हे त्या मुद्रणावर असायला हवं. इथंही गाडी नावापाशीच येऊन थांबते.

हे अशक्य आहे असं समजू नका. आपल्या महाराष्ट्रातच ते झालं आहे, आणि योगायोग असा की त्यात एका फ्रेंच माणसाचा हात आहे. गी पॉइतवां फ्रान्सहून पुण्याला आले, इथलेच झाले, भारताचं नागरिकत्व घेतलं. हेमा राईरकर यांच्याबरोबर त्यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. किती? एक लाखाहून अधिक. पुढे बेर्नार बेल या फ्रेंच संगीत-अभ्यासकानं संगणकाची बाजू सांभाळली. पॉइतवां २००४ साली गेले. २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. तिथं ओवीबरोबर काय येतं ते पाहण्यासारखं आहे. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका, बऱ्याचदा वय, मुलंबाळं, फोटो. ‘पारंपरिक’ या एका शब्दाची गाठ सोडली आणि आतून शेकडो बाया बाहेर आल्या. कुणी शेतात राबणाऱ्या, कुणी परित्यक्ता, कुणी बाबासाहेबांवर ओव्या गाणाऱ्या. ओवी सगळ्यांची हे खरंच, पण प्रत्येकीचा गळा वेगळा आणि प्रत्येकीनं आपल्या दुःखाचा एक टाका त्यात घातलेला.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झाला. त्या दर्ज्यामागे शिलालेख आहेत, ताम्रपट आहेत, पोथ्या आहेत. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेखही मराठीच्या जुन्या लेखांत मोजला जातो. तो दगडात कोरला म्हणून हजार वर्षं राहिला. धवलारणीचा धवला तिच्या श्वासात कोरलेला असतो आणि श्वासाबरोबर जातो. आमच्या भागात आता धवलारणी हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर कर्णे बंद होतात. तेही योग्यच, शेजारच्या आजाऱ्याला झोप हवी. पण लोकांनी वेळ वाचवण्यासाठी कात्री लावली ती धवल्याला. बेंजो साडेनऊला सुरू व्हायचा म्हणून धवलारणीला सांगतात, “आये, जरा आटप.”

आता प्रत्येकाच्या खिशात टेपरेकॉर्डर आहे. हळदीचे व्हिडिओ तर आपण काढतोच. बेंजोवर नाचणारी मंडळी त्यात असू द्या, तो आपला आनंद आहे. पण येत्या लगीनसराईत तुमच्या घरी धवलारीण आली, मेहंदीला कुणी खाला आली, नारळी पौर्णिमेला कुणी जुना तांडेल वल्ह्याचं गाणं म्हणू लागला, तर दहा मिनिटं त्यांच्यापाशी बसा. आधी विचारा, नोंदवलं तर चालेल का? हो म्हणाले तर पूर्ण गाऊ द्या, मध्येच कापू नका. आणि गाणं सुरू होण्याआधी त्यांच्याच तोंडून चार गोष्टी नोंदवून घ्या: स्वतःचं नाव, माहेरचं गाव, आज कोणती तारीख, आणि हे गाणं कुणाकडून शिकलात.

चौथा प्रश्न विसरू नका. आमच्या भागातल्या एका धवलारणीला मी तो विचारला, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं आपल्या सासूचं नाव सांगितलं, तिच्या आत्याचं सांगितलं, आणि त्या आत्याला शिकवणाऱ्या बाईचंही सांगितलं. तीन पिढ्यांची तीन नावं. म्हणाली, “कुनी इचारलंच नव्हतं आजवर.”